आबांच्या रक्तातला चौकीदार

बस्त्याची जीप दारात येऊन उभी राहिली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला, समोरच्या ओट्यावर दोन बाया काय चाललंय ते बघायला उन्हात येऊन बसल्या, तरी लताबाई स्वयंपाकघरातून हलली नाही. ती गवार मोडत बसली होती. आज घरात जेवायला कोणी असणार नव्हतं, मंडळी बाजारातच जेवणार होती, त्यामुळं त्या गवारीला तसा काही अर्थ नव्हता. पण लताबाई एकेक शेंग अशी मोडत होती, की तिचा कडकन आवाज पुढच्या खोलीत नणंदेच्या कानापर्यंत जावा.

जात होता. राखी जांभळी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या काठावर बसली होती.

"नवनाथ," ती भावाला म्हणाली, "बायकोला विचार तुझ्या, झाली का भाजी मोडून."

नवनाथ स्वयंपाकघराच्या दाराशी आला. एसटीच्या डेपोत हा माणूस अख्खं इंजिन सुटं करून परत जोडायचा आणि एक नट शिल्लक राहायचा नाही. पण बहिणीचं वाक्य बायकोपर्यंत न्यायचं म्हटलं, की वाटेत त्याचे निम्मे भाग गळून पडायचे.

"ताई म्हणतीय... भाजी," तो म्हणाला.

"सांगा, सनीनं बोट पुढं केलं की झाली मोडून."

गोम त्या बोटातच होती. सनी म्हणजे राखीचा एकुलता एक, अंबडच्या कंपनीत नोकरीला. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न ठरलं होतं दिशाशी, आणि दिशा ही लताबाईच्या वणीच्या भावाची मुलगी. सोयरीक लताबाईनंच जुळवलेली. म्हणजे नवऱ्या मुलाची ती मामी आणि नवरीची आत्या. दोन्हीकडची. वणीची मंडळी सकाळच्या गाडीनं निघून परस्पर कपड्याच्या दुकानात पोचणार होती, आणि लताबाई आल्याशिवाय त्यांच्यातलं कोणी गादीवर बसणार नव्हतं, हे राखीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून जीप हलत नव्हती.

लताबाईची अट एवढीच, की सनीच्या रक्ताची तपासणी व्हावी. मग बस्ता.

पुढच्या खोलीत खिडकीखाली, दुलई गळ्यापर्यंत ओढून, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून संजना पडली होती. लताबाईची लेक. नाशिकची थंडी तिच्या हाडांत शिरली की आधी गुडघे बोलतात, मग कंबर, मग सगळंच. सिकलसेल. ज्या वयात पोरी स्कूटी शिकतात त्या वयात तिनं दवाखान्यातल्या पंख्यांच्या आवाजावरून वॉर्ड ओळखायला शिकून घेतलं होतं. तिचं कॉलेज दोनदा सुटलं, दोनदा परत धरलं. जीभ मात्र एकदाही आजारी पडली नाही.

"आई," ती दुलईतून म्हणाली, "गवार संपली की मेथी आहे. आत्या बसतील."

"तू गप पड," राखी म्हणाली, पण तिनं पोरीच्या पायावरची दुलई सरळ केली.

संजना लहान असताना डॉक्टरनं नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, की ह्या रोगाला दोन वाटे लागतात. एक आईकडून, एक बापाकडून. एकच वाटा असेल तो माणूस जन्मभर ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. तपासलं तर लताबाईत असा एकच, म्हणजे अर्धा वाटा, आणि नवनाथातही अर्धा. मग ह्या घराण्यानं बसून विचार केला आणि जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत लागला नाही असा शोध लावला. नवनाथला लग्नाआधी कसाऱ्याच्या घाटात अपघात झाला होता, तेव्हा रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. दोष त्या बाटलीतून आला. दुसरीकडून येणार कुठून? बाप तर झुंबरआबा. ऐंशीकडे झुकलेला माणूस, अजून देवळाली कॅम्पापासून नाशिकरोडपर्यंत सायकल मारतो, आणि वाटेत स्कूटरवाल्यांना शिव्या देतो. असल्या माणसावर कोणी रोगाचं नाव ठेवील का? शिवाय आबांनी त्या शोधावर आपला शिक्का मारून दिला. ते म्हणे तेव्हा खाटेशीच बसलेले. बाटलीतलं रक्त तोफखान्यातल्या एका सुभेदाराचं होतं, आणि ते अंगात जायला लागलं तसा नवनाथनं बेशुद्धीतच एक कडक सॅल्यूट ठोकला. ह्यावर कोण काय बोलणार?

राहिला लताबाईचा वाटा. तिला कोणी बाटली चढवलेली नव्हती. "आणलं ते हिनंच," राखी कधीतरी बोलून गेली, आणि ते वाक्य भिंतीवरच्या डागासारखं घरात राहिलं. रंग दिला तरी पावसाळ्यात परत वर येणारं.

बस्त्यातली रीतही त्यातूनच पडली. ह्या घरात नवरीनं बुद्धविहारात नेसायची पांढरी साडी पहिली उचलायची, ती घरातल्या चांगल्या हाताच्या बाईनं. एका चुलतदिराच्या लग्नात लताबाईनं सहज हात पुढं केला, तर राखी हळूच म्हणाली, "तू पिशव्या सांभाळ, लता." भांडण नाही, आवाज नाही. तेव्हापासून प्रत्येक बस्त्यात लताबाईनं पिशव्या सांभाळल्या. भावकीतल्या कोणाच्या पिशवीचा बंद कुठं उसवलाय हे तिला पाठ होतं.

शेवटी राखीच उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

"लता, सरळ बोलते. तुझ्या भावाच्या पोरीत अर्धा वाटा निघाला. तू स्वतः येऊन सांगितलंस. मी लग्न मोडलं का?"

"नाही मोडलं, ताई. उपकार तुमचे."

"उपकार राहू दे. तुझ्याच डॉक्टरीणबाई म्हणतात ना, एका बाजूनं काही होत नाही, दोन्हीकडून लागतं? मग दुसरी बाजू आमची. स्वच्छ. आणि पुरावा पाहिजे तर तो बघ, बाहेर सायकल पुसतोय."

खिडकीतून पुरावा दिसत होता. आबा कानटोपी घालून सायकलच्या तारा पुसत होते आणि जीपच्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत होते. ड्रायव्हरचं तोंड उघडं पडलं होतं, म्हणजे गोष्ट बरीच पुढं गेली असावी.

"मग बोट पुढं करायला काय जातं?" लताबाई म्हणाली.

"बोट पुढं केलं म्हणजे संशय कबूल केल्यासारखं झालं. उद्या कॉलनीत म्हणतील, राखीच्या घरात पण आहे. तुला काय, तुझं सगळ्यांना माहीतच आहे."

लताबाईच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

"माझं राहू द्या, ताई. मला सवय झाली. पण ती बाहेर पडलीय ना, ती दुखायला लागलं की ओरडत नाही. उशी दातात धरते. मला वाटायचं शहाणी पोर आहे. मोठी झाल्यावर सांगितलं तिनं, तुम्हाला झोप लागावी म्हणून धरायची. दिशाच्या पोटचं लेकरू उशी दातात धरताना मला बघायचं नाही. एवढंच आहे माझं."

सनी भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. तो मोबाइल मघाशीच बंद पडला होता, तरी बघत होता. आई आणि मामी यांच्या मधोमध उभं राहायला तेवढीच जागा होती.

एवढ्यात आबा आत आले, छाती काढून.

"माझी डॉक्टरीण आली," त्यांनी जाहीर केलं.

आठवडाभर ते सांगत होते, की शहरातली एक मोठी डॉक्टरीण त्यांच्या गोष्टी ऐकायला घरी येणार आहे. कोणी लक्ष दिलं नव्हतं. आबांकडं याआधी एक कर्नल आणि एकदा तर बिबट्याही भेटायला येऊन गेला होता. पण दारात खरोखरच स्कूटर लागली आणि निळा डबा हातात घेऊन मोहिनी मॅडम आत आल्या. विहारात मागं तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा याच मॅडमनी कॉलनीतल्या घराघरांतून रक्ताचे नमुने घेतले होते. त्या सिकलसेलवर संशोधन करत होत्या. राखी त्या दिवशी आपल्या घराला कुलूप लावून पंचवटीला गेली होती. आबा गेले होते चहा-बिस्किटासाठी.

"आबा, तुमच्याशी जरा एकट्यानं बोलायचंय," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट तुमचा आहे."

"मी एकटा असलो की मला कशावर विश्वास बसत नाय. बोला सगळ्यांपुढं."

"विचार करा. तुमचं ऐकून यांच्यातल्या काहींना स्वतःबद्दलही कळेल."

आबांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं. गवारीची परात घेऊन दारात उभ्या सुनेकडं जरा जास्तच वेळ.

"कळू द्या," ते म्हणाले.

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"आबा, तुम्हाला सिकलसेल आहे. अर्धा वाटा नाही. पूर्ण. संजनाला आहे तसाच."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कोणी तिकडं पाहिलं नाही.

पहिले हसले ते आबाच. "मॅडम, कॅम्पातला तोफेचा गोळा मी छत्रीवर झेलला असं मी सांगतो, लोक ऐकून घेतात, चहा पाजतात. पण एवढी मोठी मी पण सोडत नाय."

"मलाही खोटंच वाटलं. म्हणून तर दुसऱ्यांदा रक्त नेलं तुमचं."

"नमुने बदलले असतील," राखी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत लागला होता. "ज्याला हा रोग तो ह्या वयात सायकल चालवतो होय?"

"दोन्ही वेळा मी स्वतः घेतलंय, ताई. दोन्ही वेळा तेच आलं."

आबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"नाय जमत, मॅडम," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तो रोग आमच्या घरी येऊन गेला ना. हरसूलकडं, डोंगरातल्या घरी. मी एवढासा. माझा मोठा भाऊ होता, गोरक्ष, आन् धाकटी बहीण. दोघांची हाडं फुटायची थंडीत. रोग आला तेव्हा मी कणगीत होतो. धान्याची कणगी, बांबूची, मोठी. आत गुळाचा खडा ठेवलेला असायचा, तो खायला चढलो होतो. रोगानं घरभर बघितलं, दोघं दिसली, दोघांना घेऊन गेला. मी त्याला दिसलोच नाय."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आबा ती हसवायला सांगायचे. गुळाचा खडा कधी नारळाएवढा असायचा, कधी भोपळ्याएवढा. आज खडा खड्याएवढाच होता.

संजना दुलईतून उठून बसली.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही कणगीत लपलात ना, तेव्हा तो पण कणगीतच होता. तुमच्या मांडीला मांडी लावून."

आबा नातीकडं बघत राहिले. मग त्यांनी मॅडमना विचारलं, आणि लताबाईनं सासऱ्याचा इतका बारीक आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मग त्यानं मला सोडलं कसं?"

"तुम्ही कॅम्पात चौकीदार होतात ना?"

"होतो. डोळ्याला डोळा लागू दिला नाय कधी."

नवनाथ खोकला. आबांच्या ड्यूटीत एकदा बकऱ्यांचा कळप फाटकातून शिरून साहेबाच्या बागेतला कोबी फस्त करून गेला होता. आबांच्या तोंडी त्या बकऱ्यांचा पुढं बिबट्या झाला.

"असाच एक चौकीदार प्रत्येकाच्या हाडात असतो," मॅडम म्हणाल्या, "जिथं रक्त तयार होतं तिथं. आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त वेगळ्या जातीचं असतं. जन्मल्यावर काही महिन्यांनी हा चौकीदार त्या पोटातल्या रक्ताच्या कोठीला कुलूप लावतो. मग मोठ्या माणसाच्या रक्ताची कोठी चालू होते. सिकलसेलची चूक आहे ती या दुसऱ्या कोठीत. एका अक्षराएवढी चूक, पण तिच्यामुळं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि संजनाला जे होतं ते होतं. पोटातल्या रक्तात ती चूक नसतेच."

"मग?"

"मग तुमचा चौकीदार झोपला, आबा. कुलूप नीट लागलंच नाही. तुमच्या अंगात आजही ते पोटातलं रक्त वाहतंय, भरपूर. ते पेशींना वाकू देत नाही. रोग तुमच्यात पहिल्या दिवसापासून आहे. त्याला काही करता आलं नाही, एवढंच."

आबांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मनगटावरच्या शिरा, सायकलच्या मुठीचे घट्टे.

"आणि माझा चौकीदार?" संजनानं विचारलं. "तो इमानी निघाला वाटतं."

"फारच इमानी. तू रोज घेतेस ना ती गोळी, ती त्याला जराशी पेंग आणते, म्हणून तुझे दवाखान्याचे फेरे कमी झालेत. आता त्याला नीट झोपवायची विद्या आलीय. रुग्णाच्याच हाडातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यातल्या चौकीदाराची कळ कापायची, आणि पेशी परत आत सोडायच्या. परदेशात काही जणांना त्यानं दुखणंच थांबलंय. आपल्याकडंही सुरुवात होतेय. उपचार जड आहे, केमो घ्यावी लागते, उद्याच्या उद्या होणारा नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही. पण हे सगळं सुचलं कुणावरून माहीत आहे? रोग असून न दुखणारी अशी माणसं जगात इथंतिथं सापडली, त्यांच्या रक्तावरून." मॅडम आबांकडं वळल्या. "म्हणून मी रिपोर्ट फोनवर सांगितला नाही. तुमचं रक्त आम्हाला आणखी अभ्यासायचंय, तुम्ही हो म्हणालात तर. आणि तुमचे आभार मानायचे होते."

आबांचे आभार आजवर बऱ्याच लोकांनी मानले होते, पण ते सगळे आबांच्याच गोष्टीतले. समोर बसून, खरोखर कोणी मानलेले हे पहिलेच.

राखी मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होती. आता ती थांबली.

"मॅडम, ह्यांच्याकडं दोन्ही वाटे तसलेच. म्हणजे देताना..."

"कुठलाही दिला तरी तोच जाणार. तुम्हाला एक आहे, ताई. नवनाथदादांना एक आहे. त्यात शंका नाही."

"पण ती बाटली?" नवनाथनं विचारलं.

"बाटलीतलं रक्त काही महिन्यांत संपतं, दादा. ते पोरांना जात नाही."

नवनाथचा चेहरा असा झाला, जणू इंजिन जोडून इतकी वर्षं गाडी पळवली आणि आज खिशात एक नट सापडला. त्यानं बायकोकडं पाहिलं. बघणं त्याला जमेना, तेव्हा तिच्या हातातली परात त्यानं घेतली आणि ती छातीशी धरून उभा राहिला.

ह्या क्षणासाठी लताबाईनं कितीतरी वाक्यं करून ठेवली होती. कणीक मळताना, धुणं पिळताना, बस्त्यात पिशव्या धरून बसल्यावर. एकापेक्षा एक धारदार. आता त्यातलं एकही सापडेना. तिच्या मनात फक्त एवढंच येत होतं, की म्हातारा जगला. पूर्ण रोग अंगात घेऊन जगला, सायकली चालवल्या, लग्न केलं, म्हणून नवनाथ झाला, म्हणून संजना झाली. कुणाचे उपकार मानावेत ते तिला कळत नव्हतं, पण मानावेसे वाटत होते.

सनीनं मोबाइल खिशात घातला आणि मॅडमपुढं येऊन हात पुढं केला.

"आत्ता होतं का?"

"होतं. डब्यात किट आहे."

"सनी," राखी म्हणाली. नुसतंच नाव.

मॅडमनी त्याच्या बोटाला टोचलं, थेंब किटमधल्या बाटलीतल्या द्रावणात मिसळला, एक पातळ पट्टी टेबलावर ठेवली. "थोडा वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "चांगल्या रक्ताची रेघ येईलच. तिच्या खाली दुसरी आली, तर वाटा आहे."

"आणि आली तर?" सनीनं विचारलं.

"तर लग्न करू नका असं मी सांगणार नाही. दोघांनी येऊन बसा माझ्यापुढं. मूल पोटात असताना लवकर तपासता येतं. माहीत असणं महत्त्वाचं."

सगळे त्या पट्टीभोवती बसले. अशा वेळी जागा भरायचं काम आबांचं. लग्न असो, मयत असो, वीज गेलेली असो, चार माणसं गप्प झाली की आबांनी गोष्ट काढायची. आता सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले, आणि आबा गप्प. ते इतके गप्प कधी बसलेच नव्हते. घर गैरसोयीचं वाटायला लागलं, पंखा बंद पडल्यासारखं.

मग ते बोलले, पट्टीकडं बघतच.

"मी गुळासाठी नव्हतो चढलो. आई ठेवायची मला कणगीत. दोघांचं दुखणं चढलं की मला उचलायची आन् आत सोडायची, वर घोंगडी टाकायची. रोगाला दिसू नये म्हणून. आत अंधार. गुळाचा खडा द्यायची, रडू नये म्हणून. ती दोघं गेली तरी मला कधी जवळ घ्यायची नाय. लांबून बघायची. मला वाटायचं, चुकीचं पोर मागं राहिलं असं वाटतंय तिला." त्यांनी मनगटावरून अंगठा फिरवला. "भ्यायची ती. आन् तिला काय माहीत, तिनं मला आधीच ठेवलं होतं आत, पोटातल्या रक्तात."

संजनानं गुडघ्यावरची गरम पिशवी उचलली आणि आबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली.

"आली," मॅडम म्हणाल्या.

सगळे वाकले. पट्टीवर चांगल्या रक्ताची रेघ आली होती. तिच्याखाली काही नव्हतं. मॅडमनी आणखी थांबायला लावलं, पट्टी खिडकीपाशी नेऊन पाहिली, तरी काही नव्हतं.

"सनीकडं वाटा नाही. चांगला वाटा गेलाय तुमच्याकडून, ताई. दिशाचा अर्धा असला तरी यांच्या मुलांना हा रोग होणार नाही."

सनीनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. लताबाईला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच थांबलं. सनीच्या वेळी फासा असा पडला, संजनाच्या वेळी तसा. टाकणारे हात सारखेच. तिनं लेकीकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" संजना म्हणाली. "सनीदादा, पार्टी. आणि माझ्यासाठी तो बंद पडलेला मोबाइल चार्ज कर आणि दिशाला लाव. ती तिकडं दुकानाच्या पायरीवर जीव मुठीत धरून बसली असेल."

मॅडम सामान आवरायला लागल्या, तशी राखी पुढं झाली आणि तिनं आपलं बोट त्यांच्यासमोर धरलं.

"मला पण टोचा."

"तुमचं माहीत आहे, ताई. गरज नाही."

"मला बघायचंय."

मॅडमनी टोचलं. ह्या वेळी कोणी वाकलं नाही. राखी एकटीच पट्टीपुढं बसली. पहिली रेघ आली. मग तिच्याखाली, हळूहळू, दुसरी. राखी त्या दुसऱ्या रेघेकडं बघत बसली, आणि बोटावरचा थेंब मोठा होऊन ओघळायला लागला तो तिला दिसलाच नाही. लताबाईनं कापसाचा बोळा उचलला, नणंदेचं बोट हातात घेतलं आणि दाबून धरलं. बाहेर ड्रायव्हरनं परत हॉर्न दिला.

दुकानात वणीची मंडळी पायरीवरच होती. दिशा लताबाईच्या गळ्यात पडली, मग सगळे आत गेले. आबा दुकानदाराच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांचा आवाज परत जागेवर आला.

"शेठ, तुम्ही मला म्हातारा समजता. मी अजून पुरता जन्मलोच नाय. निम्मा आईच्या पोटात हाय. डॉक्टरांचा कागद हाय माझ्याकडं."

"असं का," दुकानदार म्हणाला आणि त्यानं चहा सांगितला.

गादीवर पांढऱ्या साड्यांचा ढीग पडला. जरीच्या काठाच्या, साध्या काठाच्या, एकीवर एक. बायका ओळीनं बसल्या. लताबाई सवयीनं सगळ्यांच्या पिशव्या खांद्याला अडकवून मागं भिंतीशी टेकली होती. पहिली साडी उचलायची वेळ आली आणि सगळ्या राखीकडं बघायला लागल्या.

राखीनं हात पुढं केला. मग मागं घेतला, आणि टोचलेलं बोट वर धरलं.

"माझ्या बोटाला रक्त आहे," ती म्हणाली. "डाग पडेल. तू उचल, लता."

बोट केव्हाच सुकलं होतं. लताबाईला ते मागून स्पष्ट दिसत होतं. ती पुढं आली, खांद्यावरच्या पिशव्या एकेक करून काढल्या, राखीच्या हातात दिल्या, आणि खाली वाकून तिनं ढिगातली साडी उचलली.